पन्नाशीतलं शरीर अजून ऐकतं

चाळिशी उलटली की पोट सुटू लागतं आणि त्याचं खापर वयावर फुटतं. ‘चयापचय मंदावलंय, आता नुसतं पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं,’ असं माणसं अगदी मनापासून सांगतात. हे खरं असतं तर मध्यमवयात वजन उतरवायच्या भानगडीत न पडणंच शहाणपणाचं ठरलं असतं. पण ते खरं नाही, आणि हे मोजून पाहिलेलं आहे.

हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 29 देशांतल्या 6,400 हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापं एकत्र करून 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळे होते. मोजायची पद्धत मोठी सुंदर आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्हींची जड रूपं मिसळलेलं पाणी माणसाला प्यायला देतात आणि पुढचे काही दिवस त्याच्या लघवीचे नमुने तपासतात. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. जड ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या वेगातल्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला ते कळतं, आणि त्यावरून शरीराने किती ऊर्जा जाळली तेही. शरीराचं आकारमान आणि चरबी वगळून उरणारं वजन हिशेबात धरलं, तर हा खर्च 20 ते 60 या वयात जवळपास सपाट राहतो. रजोनिवृत्तीच्या काळातही त्यात वेगळी घसरण दिसली नाही. उतार लागतो तो साठीनंतर, तोही वर्षाला साधारण 0.7 टक्के इतका हळू.

मग वजन वाढतं कुठून? ‘चरबी वगळून उरणारं वजन’ या शब्दांत उत्तराचा एक भाग आहे. स्नायू वापरले नाहीत, तर तिशीनंतर दर दहा वर्षांनी ते 3 ते 8 टक्क्यांनी घटतात. हालचाल कमी होते, झोप तुटते, आणि रोजच्या खाण्यातला छोटासा जास्तीचा भाग वर्षानुवर्षं साठत राहतो. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की मांड्या-नितंबांवर जमणारी चरबी पोटाकडे वळते. यातलं वय आपल्याला बदलता येत नाही, पण बाकीचं बरंचसं बदलता येतं.

पोटाच्या चरबीची काळजी दिसण्यापेक्षा यकृतासाठी करायला हवी. यकृतात चरबी साचली की ते इन्शुलिनला दाद देईनासं होतं. रात्री जेव्हा त्याने साखर सोडणं आवरायचं असतं, तेव्हा ते सोडतच राहतं. म्हणून काही न खाताही सकाळची साखर चढलेली दिसते. जास्तीची चरबी यकृतातून रक्तावाटे स्वादुपिंडातही पोचते आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना निष्प्रभ करते. न्यूकॅसल विद्यापीठातले रॉय टेलर यांनी ही साखळी मांडली आणि ती उलटी फिरवता येते का, हे पाहिलं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात टाइप 2 मधुमेहाच्या 11 रुग्णांना आठ आठवडे दिवसाला सुमारे 600 कॅलरींचा आहार दिला होता. उपाशीपोटीची साखर पहिल्या आठवड्यातच ताळ्यावर आली. त्याच आठवड्यात यकृतातली चरबी साधारण 30 टक्क्यांनी उतरली. स्वादुपिंडाला सावरायला मात्र पूर्ण आठ आठवडे लागले.

इतक्या थोड्या लोकांवरून निष्कर्ष काढणं बरं नव्हे, म्हणून पुढे ‘डायरेक्ट’ ही मोठी चाचणी झाली. त्यात 20 ते 65 वयाचे, मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त काळ न लोटलेले 306 रुग्ण होते. वर्षअखेरीस आहाराच्या गटातल्या 46 टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचं वजन 15 किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के होतं. दोन वर्षांनी 46 चे 36 टक्के झाले, कारण काहींचं वजन परत आलं. या घसरणीकडे पुढे येतो.

एवढं वजन प्रत्येकाने उतरवायलाच हवं असंही नाही. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या 2002 सालच्या मोठ्या चाचणीत 3,234 लोक होते, सरासरी वय 51. त्यातल्या एका गटाचं लक्ष्य साधं होतं. वजन 7 टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा. मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिलेल्या गटात ते 31 टक्क्यांनीच घटलं. साठीच्या पुढच्या लोकांना तर जीवनशैलीतल्या बदलाचा सर्वांत जास्त फायदा झाला. आता उशीर झाला असं वाटणाऱ्या प्रत्येकाला मला हा निष्कर्ष दाखवावासा वाटतो.

यापेक्षाही मला भावतो तो डॅलसमधला प्रयोग. 1966 साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे दमसास, पाव हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, तेच पाचजण पुन्हा प्रयोगशाळेत आले. वजन सरासरी 23 किलोंनी वाढलेलं, चरबीचं प्रमाण दुप्पट झालेलं. तरी तीस वर्षांत दमसास जेवढा घटला होता, त्याहून जास्त तो त्या तीन आठवड्यांत घटला होता! मग त्यांना सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा व्यायाम हळूहळू वाढवत नेत आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास दिला. दमसास पुन्हा 1966 सालच्या मूळ पातळीवर आला. वाढलेल्या वजनातलं मात्र थोडंच उतरलं होतं. शरीर आतून पालटलं होतं आणि वजनकाट्याला त्याचा जेमतेम पत्ता होता. सुधारणा मुख्यतः स्नायूंत झाली होती. हृदय पूर्वीपेक्षा जास्त रक्त ढकलत नव्हतं, पण आलेल्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला स्नायू पुन्हा शिकले होते.

हृदयाच्या बाबतीत वेळेला किंमत आहे. 45 ते 64 वयाच्या, बैठं काम करणाऱ्या लोकांनी दोन वर्षं नेमाने व्यायाम केल्यावर त्यांच्या हृदयाचा ताठरपणा कमी झाल्याचं 2018 साली दिसलं. सत्तरीच्या आसपासच्या लोकांत वर्षभराच्या व्यायामानेही तसं झालं नव्हतं. स्नायू जास्त उदार आहेत. 1990 सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात नव्वदीतल्या थकलेल्या वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा सराव केला आणि त्यांची ताकद अडीच पटींहून जास्त झाली.

म्हणून नुसतं खाणं तोडून वजन उतरवायला माझा विरोध आहे. अशाने चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा तेच उचलत असतात. पुरेशी प्रथिनं आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवाच. त्याला साधनंही लागत नाहीत. हात न टेकता खुर्चीतून सावकाश उठायचं, तितक्याच सावकाश बसायचं, दहा वेळा. मांड्या भरून आल्या की समजायचं, स्नायूंपर्यंत निरोप पोचला. झोपही याच हिशेबात येते. 2010 साली एका छोट्या प्रयोगात कमी आहारावर असलेल्या मध्यमवयीन लोकांना 14 दिवस साडेआठ तास आणि वेगळ्या वेळी 14 दिवस साडेपाच तास झोपायची मुभा दिली. दोन्ही वेळा वजन सारखंच, तीन किलोंच्या आसपास उतरलं. पण कमी झोपेत त्यातली चरबी 1.4 किलोंवरून 0.6 किलोवर आली. बाकीचं चरबीविरहित वजन गेलं.

काटा पहिल्या आठवड्यात भराभर उतरतो, त्यालाही भुलू नये. यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरलं जातं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. तेच आधी जातं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडतो आणि माणसं हाय खातात, पण खरी चरबी अशीच संथ उतरते. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे का, हे दोरीने पाहणं त्यापेक्षा उपयोगाचं.

आता परत येणाऱ्या वजनाविषयी. 2011 सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वजन उतरवून वर्ष झाल्यावरही लोकांच्या रक्तात भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं होतं आणि तृप्ती कळवणारं लेप्टिन उतरलेलं होतं. शरीर जुनं वजन विसरत नाही. सेमाग्लूटाइडसारखी नवी औषधं भूक शमवतात, तीही थांबवली की गेलेलं बरंचसं वजन परततं. वजन परत आलेल्या माणसाला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. त्याची भूक खरोखरच वाढलेली असते.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना आहार एकदम कमी केला, तर साखर किंवा दाब धोकादायक खाली जाऊ शकतो, इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर तर विशेषच. ‘डायरेक्ट’ चाचणीत मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं आहार सुरू होताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती. तेव्हा आहार बदलण्याच्या आधी डॉक्टरांना गाठा, गोळ्यांची यादी सोबत न्या, आणि कोणती गोळी कधी कमी करायची ते लिहून घ्या.