सिंगल बोर्ड कॉम्प्युटरचा सिरीयल कन्सोल आणि क्लॉक स्पीड

सिरीयल कन्सोल म्हणजे रास्पबेरी पाय, बीगलबोन, ऑरेंज पाय असल्या छोट्या बोर्डाशी तीन वायरींवरून बोलायची सोय, त्याला स्क्रीन लागत नाही, कीबोर्ड लागत नाही, नेटवर्क तर नाहीच नाही. बोर्ड बूट होताना काय काय करतोय ते लॅपटॉपवर ओळीओळीने दिसतं, आणि एसडी कार्ड खराब झालं किंवा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, अर्ध्यात अडकला की नेमकं कुठे अडकलं ते बहुतेक वेळा इथेच कळतं. पुण्यात फायनल इयरचे प्रोजेक्ट करणारी पोरं, सीडॅकचा एम्बेडेडचा डिप्लोमा करणारे, कंपनीत बोर्ड ब्रिंगअपला, म्हणजे नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करायला, बसवलेले, सगळ्यांची याच्याशी कधीतरी गाठ पडतेच.

जोडणी सोपी आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, यूएसबी टू टीटीएल मागितलं की बोटाएवढी पट्टी आणि जंपर वायरी मिळतात. रास्पबेरी पायच्या ४० पिनांमधली ६ नंबरची ग्राउंड, ८ नंबरची टीएक्स (पाठवायची), १० नंबरची आरएक्स (घ्यायची), आणि पट्टीचं टीएक्स पायच्या आरएक्सला जायला हवं, म्हणजे उलटसुलट. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टचा सिग्नल दिला तर पिन जळू शकते, म्हणून पट्टीवर व्होल्टेजचा जंपर असेल तर तो आधी बघायचा. लाल, म्हणजे पॉवरची वायर जोडायची गरज नाही, बोर्डाला त्याच्या ॲडॅप्टरची पॉवर असतेच. मग लॅपटॉपवर पुट्टी किंवा मिनिकॉम असला टर्मिनल प्रोग्राम उघडून वेग १,१५,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट, ठेवायचा, बास.

आता खरी गोष्ट. बॉड रेट हा नुसता सेटिंगमध्ये टाकायचा आकडा नाहीये, तो बोर्डावरच्या कुठल्यातरी क्लॉकला, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिकणाऱ्या सिग्नलला, भागून काढलेला असतो. टीएक्स-आरएक्समधून क्लॉकची वेगळी वायर जात नाही, समोरचा स्टार्ट बिट दिसला की घेणारा आपल्याच घड्याळाने मोजायला लागतो, १,१५,२०० ला एक बिट साधारण ८.७ मायक्रोसेकंदांचा, आणि एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट. दहाव्या बिटापर्यंत दोघांच्या मोजण्यात अर्ध्या बिटाहून जास्त फरक पडला की अक्षर गेलं. दोन टक्क्यांचा फरक सहसा खपतो, त्याच्यापुढे भरवसा नाही.

रास्पबेरी पाय ३ वर हे अगदी डोळ्यांनी बघायला मिळालं. २०१६ मध्ये तो बोर्ड आला तेव्हा त्यात ब्लूटूथ आलं आणि चांगला यूएआरटी (सिरीयल पाठवणारं-घेणारं सर्किट), म्हणजे पीएल०११, ब्लूटूथला देऊन टाकला, ८ आणि १० नंबरच्या पिनांवर उरला मिनी यूएआरटी. हा मिनी यूएआरटी आपला क्लॉक जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या भागाच्या, कोअर क्लॉकवरून घेतो, आणि तो कोअर क्लॉक लोडप्रमाणे २५० ते ४०० मेगाहर्ट्झमध्ये वरखाली व्हायचा. हिशोब करून बघा, २५० मेगाहर्ट्झला आधी ८ ने आणि मग २७१ ने भागलं की १,१५,३१४ येतात, फरक ०.१ टक्का, मस्त चालतं. तोच भागाकार तसाच ठेवून क्लॉक ४०० झाला की येतात १,८४,५०२. तेव्हा माझ्या टेबलावर हेच झालं होतं, लॉगिन प्रॉम्प्ट स्वच्छ यायचा, कॅमेऱ्याची स्क्रिप्ट सुरू केली की पुढच्या ओळीपासून नुसते प्रश्नचिन्ह, चौकोन आणि तुटकी अक्षरं, स्क्रिप्ट बंद केली की परत सगळं जागेवर. मी दोन दिवस वायरी बदलत बसलो, ग्राउंड तपासला, पट्टी बदलली, आणि वायरीत काहीच नव्हतं. लोड वाढला की कचरा आणि लोड उतरला की नीट, हे दिसलं की वायरीला हात लावू नका, आधी क्लॉक बघा.

उपाय पुढे फर्मवेअरमध्येच आला. कॉन्फिग फाइलमध्ये एनेबल यूएआरटी १ (enable_uart=1) केलं की पाय ३ चा कोअर क्लॉक २५० वर बांधला जातो. याने प्रोसेसर हळू होतो असा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे, पण एआरएम कोअरचा, म्हणजे प्रोसेसरचा, १.२ गिगाहर्ट्झचा क्लॉक वेगळा, तो तसाच राहतो, फटका बसला तर ग्राफिक्सच्या कामाला. ब्लूटूथ नकोच असेल तर त्याच फाइलमध्ये डिसेबल बीटी हा ओव्हरले (हार्डवेअरची जुळणी बदलणारी ओळ) टाकून पीएल०११ पिनांवर परत आणावा, मला तरी हाच मार्ग जास्त पटतो, कारण मग कोअर क्लॉक कितीही नाचला तरी कन्सोलला काही होत नाही.

तसंच उन्हाळ्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकला आणि बंद डब्यातला पाय ४ ऐंशी अंशांवर जाऊन थ्रॉटल झाला, म्हणजे तापल्यामुळे त्याने वेग कमी केला, तर उतरतो तो एआरएम क्लॉक. पीएल०११ वरचा कन्सोल तेव्हाही स्वच्छच चालतो, काम फक्त रेंगाळतं.

रॉकचिप कंपनीची चिप असलेल्या बोर्डांची तऱ्हा वेगळी. तिच्या आरके३३९९ चिपवाल्या बऱ्याच बोर्डांवर कन्सोल थेट १५ लाख बॉडला असतो, कारण २४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १६ ने भागलं की बरोब्बर १५ लाख येतात, बाकी काही उरत नाही. पण पट्टीवरची चिप तेवढी पळायला हवी. जुनी सीपी२१०२ दहा लाखांच्या आसपास थांबते, सीएच३४० वीस लाखांपर्यंत जाते, एफटी२३२आर तीस लाखांपर्यंत. म्हणून दुकानात पट्टी घेताना चिपचं नाव विचारून घ्या, दिसायला सगळ्या सारख्याच.

पायवर कर्नलच्या कमांड लाइनमध्ये, म्हणजे बूट होताना त्याला मिळणाऱ्या सूचनांच्या ओळीत, कन्सोल दोनदा लिहिलेला असतो, एकदा सिरीयलसाठी, एकदा एचडीएमआयसाठी. कर्नलचे मेसेज दोन्हीकडे जातात, पण त्यानंतरच्या सर्व्हिसेसचे मेसेज शेवटी लिहिलेल्याकडे जातात, त्यामुळे सिरीयलवर मधेच शांतता वाटली तर घाबरू नका, बोर्ड अडकलेलाच असेल असं नाही, क्रम बदलून बघा. आणि त्याच पिनांवर जीपीएस मॉड्यूल लावायचं असेल तर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये सिरीयलवरचं लॉगिन बंद करून फक्त पोर्ट चालू ठेवायचा, नाहीतर मॉड्यूलला लॉगिन प्रॉम्प्ट जात राहतो आणि त्याच्या ओळी लॉगिनचं नाव-पासवर्ड म्हणून वाचल्या जातात.

काहीच दिसत नसेल तर पट्टी बोर्डापासून सोडवून तिचंच टीएक्स आणि आरएक्स एका जंपरने जोडा आणि टाइप करा. टाइप केलेलं परत उमटलं तर पट्टी आणि ड्रायव्हर ठीक आहेत, शोध बोर्डाच्या बाजूला घ्यायचा.