आकाशातलं रिंगण आणि त्याचं विसरलेलं नाव

संकष्टीला आमच्याकडे दर महिन्याला हेच होतं. कॅलेंडरवर चंद्रोदय 9 वाजून 10 मिनिटं, मोदक वाफवून झाकून ठेवलेले, आई गॅलरीतून आत नि आतून गॅलरीत, आणि चंद्राचा पत्ता नाही. उगवतो तो दहाच्या सुमारास, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागून. कॅलेंडरचं काही चुकत नाही हो. त्यातली वेळ असते चंद्र क्षितिजावर, म्हणजे शून्य अंशावर येण्याची, आणि आमचं क्षितिज सुरू होतं टाकीच्या काठापासून. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश झाकते, तशी मोजून पाहिली तर टाकी एक मूठ भरून थोडी वर आहे, आणि पुण्यातून बघताना चंद्राला तेवढं चढायला पाऊण तास तरी लागतोच.

आता तीच मूठ क्षितिजावर टेकवून जागच्या जागी गोल फिरा (गच्चीत, कोणी बघत नसताना). मुठीच्या वरच्या कडेने आकाशात एक रिंगण आखलं जाईल, 10 अंश उंचीचं, आणि त्यावरचा प्रत्येक तारा, मग तो पूर्वेला असो की पश्चिमेला, क्षितिजापासून सारख्याच उंचीवर. असंच 20 चं, 30 चं, वर वर जाल तशी रिंगणं लहान होत जातात आणि डोक्यावर खमध्याला नुसता ठिपका उरतो. या रिंगणाला नाव आहे, अल्मुकंतर. शब्द अरबी, कंतरा म्हणजे कमान किंवा पूल, त्यावरून आलेला. स्पेनमधल्या अल्कांतारा गावाचं नावही त्याच मुळाचं, तिथे रोमन काळातला पूल आहे. आपल्याकडे उंचीच्या कोनाला उन्नतांश म्हणतात तेव्हा उन्नतांशवृत्त म्हणा हवं तर, पण मला रिंगणच आवडतं.

जुन्या काळी ही रिंगणं पितळेवर कोरलेली असायची. ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढायचं ॲस्ट्रोलेब नावाचं यंत्र, त्याला संस्कृतात यंत्रराज म्हणतात आणि त्यावर महेंद्र सूरी या जैन पंडिताने 1370 साली, फिरोजशाह तुघलकाच्या दरबारात असताना, त्याच नावाचा ग्रंथ लिहिला. त्या यंत्रातल्या चकतीवरची अल्मुकंतरं बाजूला सरकलेली दिसतात, कांदा तिरका कापला की गाभा एका कडेला जातो ना, तशी. आणि एक चकती एकाच अक्षांशाला चालते. दिल्लीची चकती पुण्यात आणून उपयोग नाही, कारण ध्रुव दिल्लीत साडेअठ्ठावीस अंशांच्या रिंगणाच्या आसपास दिसतो आणि पुण्यात साडेअठराच्या, म्हणजे जेमतेम दोन मुठी.

पण खरी गंमत पुढे आहे. ताऱ्याचा प्रकाश हवेतून येताना वाकतो, त्यामुळे तारा असतो त्यापेक्षा थोडा वर दिसतो. किती वर, ते उंचीवर अवलंबून, अगदी क्षितिजाजवळ तर अर्ध्या अंशाहून जास्त. ही हवा सगळी मोजमापं बिघडवते. मग सगळे तारे एकाच उंचीवर गाठले तर? हवा सगळ्यांना जवळपास सारखंच वाकवणार, आणि मग कोन मोजायचीच गरज नाही, कुठला तारा त्या रिंगणातून किती वाजता गेला एवढंच घड्याळात बघायचं.

अमेरिकेतल्या सेथ चँडलरने नेमकं हेच केलं. हा माणूस विमा कंपनीत ॲक्चुअरी, म्हणजे जोखमीचा हिशेब करणारा, म्हणून काम केलेला. त्याने दुर्बीण पाऱ्यावर तरंगत ठेवली. पारा कायम सपाट, त्यामुळे दुर्बीण कितीही फिरवा, ती एकच रिंगण धरून राहणार. यंत्राचं नावही त्याने अल्मुकंतरच ठेवलं. हार्वर्डच्या वेधशाळेत 1884-85 मध्ये तेरा महिने त्याने वेध घेतले आणि हिशेब केला तर जागेचा अक्षांशच हळूहळू सरकतोय असं दिसायला लागलं. इमारत तिथेच, दुर्बीण तिथेच, आणि अक्षांश हलतोय म्हणजे काय! यंत्रात खोट शोधून झाली, सापडली नाही, आणि त्याने ते तसंच ठेवून दिलं. पुढे 1888 मध्ये बर्लिनच्या क्यूस्टनर या खगोलशास्त्रज्ञानेही अक्षांश बदलतो असं जाहीर केलं, तेव्हा चँडलर पुन्हा कामाला लागला आणि 1891 मध्ये त्याने सांगितलं की पृथ्वीचा अक्ष पृथ्वीच्याच अंगात साधारण 427 दिवसांत एक फेरी मारतो. ऑयलर या जुन्या गणितज्ञाच्या हिशेबात हा आकडा 305 दिवस येत होता, त्यामुळे बऱ्याच जणांना ते पटेना. मग न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाने खुलासा केला की ऑयलरची पृथ्वी दगडासारखी कडक होती, खरी पृथ्वी थोडी लवचिक आहे आणि तिच्यावर समुद्रही आहेत. आज या डुलण्याला चँडलरचंच नाव आहे. पृथ्वीचा ध्रुव सरकतो तो काही मीटर, म्हणजे आमच्या गॅलरीपासून त्या टाकीपर्यंतसुद्धा नाही.

हा शब्द पुण्यात आजही वापरात आहे, फक्त ताऱ्यांसाठी नाही. पाषाणला आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेत 2004 साली नासाच्या एरोनेट या हवेतली धूळ-धूर मोजणाऱ्या जाळ्यातलं सूर्याकडे बघणारं एक उपकरण बसवलं. ते आधी थेट सूर्य मोजतं, मग सूर्याच्याच उंचीवर राहून गोल फिरत आकाशाचा उजेड मोजत जातं, त्याला म्हणतात अल्मुकंतर स्कॅन. उंची तीच असल्याने सगळीकडे हवेची जाडीही तीच, मग सूर्यापासून दूर जाताना उजेड कसा कमी होतो त्यावरून हवेतली धूळ नि धूर बारीक आहे की जाडा, हे काढता येतं. सकाळ-संध्याकाळी हे छान जमतं कारण सूर्य खाली, रिंगण मोठं. भर दुपारी रिंगण आक्रसतं, आणि मे महिन्यात पुण्यात शून्य सावलीच्या दिवशी तर सूर्य थेट डोक्यावर, रिंगणच उरत नाही. पावसाळ्यात वेगळंच, थेंब जाणवले की यंत्र आपलं तोंड खाली करून गप्प उभं राहतं.