मच्छरदाणी मोफत की विकत : एका वादाची पार्श्वभूमी

हिवतापाविरुद्धची विसाव्या शतकातील सर्वांत मोठी मोहीम डीडीटी या कीटकनाशकाच्या घरोघरच्या फवारणीवर उभी होती. जगातून हिवताप हद्दपार करण्याचा कार्यक्रम 1955 मध्ये जाहीर झाला आणि 1969 मध्ये ते उद्दिष्ट गुंडाळून ठेवण्यात आले. पथक आले की घर रिकामे करून द्यायचे, एवढेच त्यात कुटुंबाचे काम होते. 1980च्या दशकात कीटकनाशकात बुडवलेल्या मच्छरदाण्यांचे प्रयोग सुरू झाले आणि पुढच्या दशकात गाम्बिया, घाना, केनिया व बुर्किना फासो येथील मोठ्या चाचण्यांत लहान मुलांचे मृत्यू साधारण एक पंचमांशाने घटल्याचे दिसले.

त्यानंतर वाद उरला तो पैशांचा. फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाही, मच्छरदाण्या मासेमारीला वापरल्या जातील आणि गावातल्या दुकानदाराचा धंदा बसेल, असे सांगत एक पक्ष सवलतीच्या दरातील विक्रीचा आग्रह धरत होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की ज्या घराला गरज सर्वाधिक तेच घर किमतीपाशी अडते. शिवाय वस्तीतील बहुतेक माणसे मच्छरदाणीत झोपू लागली की डासच कमी होतात आणि मच्छरदाणी नसलेला शेजारीही वाचतो. पाच वर्षांखालील मुले व गर्भवती स्त्रिया यांपैकी किमान 60 टक्क्यांना 2005 पर्यंत संरक्षण देण्याचे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी 2000 मध्ये ठरवले होते. विक्रीच्या वाटेने बहुतेक देश त्याच्या जवळपासही पोहोचले नाहीत. अखेर 2007 मध्ये जागतिक पातळीवर मोफत किंवा अत्यल्प दरातील सार्वत्रिक वाटपाची शिफारस झाली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या केनियातील प्रयोगात किंमत शून्यावरून 0.60 डॉलर करताच मच्छरदाणी घेणाऱ्या गर्भवती स्त्रियांचे प्रमाण 60 टक्केबिंदूंनी घसरले, आणि पैसे मोजणाऱ्या स्त्रिया ती अधिक नेमाने वापरतात असेही आढळले नाही. कदर राहत नाही हे गृहीतक इतकी वर्षे धोरण ठरवत राहिले, हे आज चमत्कारिक वाटते.

मोफत वाटपाने स्थानिक स्वयंसेवकांचे काम मात्र वाढवले. घरोघरी माणसे मोजायची, दोन माणसांमागे एक या हिशेबाने चिठ्ठ्या द्यायच्या, नवी मच्छरदाणी एक दिवस सावलीत वाळत घालून मग टांगायची आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचायच्या, हे सारे त्यांनीच समजावले. 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेत हिवतापाचे सुमारे 66 कोटी रुग्ण टळले, त्यांपैकी 68 टक्के मच्छरदाण्यांमुळे, असा अंदाज आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावत असल्याने तेथे हा उपाय तोकडा पडतो आणि साठवलेल्या पाण्याची भांडी आठवड्याला कोरडी करण्यावरच मुख्य भिस्त राहते.

दरम्यान मच्छरदाण्यांवर लावल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकांना डास दाद देईनासे झाले. त्यामुळे 2023 मध्ये दोन कीटकनाशके असलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस झाली. त्या महाग आहेत, त्यामुळे तेवढ्याच निधीत कमी कुटुंबांना अधिक परिणामकारक मच्छरदाणी द्यायची की जास्त कुटुंबांना जुनीच, हा हिशेब आता वाटप करणाऱ्यांपुढे आहे.