शीर्षकगीत आणि संकेतधून : ओळखण्याच्या खेळात या दोहोंना एकाच यादीत का बसवू नये

जुन्या मालिकांची गाणी ओळखण्याचा खेळ मित्रमंडळी व्हिडिओ कॉलवर मांडतात, तेव्हा खेळ घेणारा बहुधा एकच यादी करतो आणि तिच्यात ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत व आकाशवाणीची सिग्नेचर ट्यून, म्हणजे संकेतधून, शेजारी शेजारी ठेवतो. दोन्ही आरंभी वाजतात आणि दोन्ही वर्षानुवर्षे कानांवरून गेलेली असतात, त्यामुळे ही गल्लत स्वाभाविक आहे. तरीही ऐकणारा त्या दोहोंना वेगवेगळ्या खुणांवरून ओळखतो, आणि इंटरनेटवरून आवाज पाठवताना तर एक तग धरते व दुसरी विरून जाते.

शीर्षकगीत एका मालिकेचे असते. त्याला शब्द असतात आणि पुढे येणाऱ्या कथेचा भाव ते आधीच सांगून ठेवते. 1999 साली अल्फा मराठीवर सुरू झालेल्या ‘आभाळमाया’चे गीत मंगेश कुलकर्णी यांनी लिहिले, अशोक पत्की यांनी त्याला चाल दिली आणि देवकी पंडित यांनी ते गायले. संकेतधून मात्र वाहिनीची, केंद्राची किंवा एखाद्या कार्यक्रमाची हजेरी असते. तिला कथा सांगायची नसते. आकाशवाणीची धून 1936 च्या सुमारास वॉल्टर कौफमन या संगीतकाराने रचली. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेल्या या ज्यू कलावंताने शिवरंजनी रागाच्या स्वरांवर, तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनचे जे काही क्षण बांधले, ते भारतातल्या कित्येक पिढ्यांनी ऐकले, आणि तरीही रचनाकाराचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. ही उपेक्षा मला खरोखर खटकते. दूरदर्शनची 1976 पासून वाजणारी धून पंडित रविशंकर आणि शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्याकडून आलेली आहे.

आता ओळखण्याकडे वळू. शीर्षकगीत आपण शब्द आणि चाल यांच्या आधाराने ओळखतो, म्हणून कोणी ते बेसूर किंवा वेगळ्याच पट्टीत म्हटले तरी काम भागते. येथे खेळ घेणाऱ्याने एक बारकावा ध्यानात घ्यावा. ‘महाभारत’च्या शीर्षकगीतात मालिकेचे नाव आरंभीच येते, त्यामुळे तो प्रश्न उरतच नाही. ‘आभाळमाया’त नाव शेवटाकडे येते, म्हणून पहिल्या दोन ओळी निर्धास्तपणे वाजवाव्यात. ‘गोट्या’च्या गीतात मात्र गोट्याचे नावच नाही; बी रुजण्याची आणि अंकुर फुटण्याची गोष्ट सांगणारे ते शब्द तोंडपाठ असलेली माणसेसुद्धा ‘हे नेमके कशाचे?’ म्हणून अडखळतात. ‘भारत एक खोज’ची कठीणता आणखी वेगळी आहे, कारण वनराज भाटिया यांनी तेथे ऋग्वेदातील नासदीय सूक्ताला समूहस्वर दिला आणि अनेकांनी ते शब्द न कळताच मनात साठवले. माझ्या मते खरे चांगले प्रश्न याच जातीचे असतात.

संकेतधुनेच्या बाबतीत शब्दांचा आधार नसतो, आणि नुसत्या चालीवरही ती पूर्णपणे उभी राहत नाही. ती वाद्याच्या नादावर उभी असते. शहनाईऐवजी पेटीवर वाजवलेली दूरदर्शनची धून स्वर बिनचूक असूनही परकी वाटते. संगीताच्या मानसशास्त्राचे अभ्यासक ग्लेन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकप्रिय गाण्यांचे केवळ 100 किंवा 200 मिलिसेकंदांचे तुकडे ऐकवून ते दिलेल्या नावांशी जुळवायला सांगितले होते. एवढ्या वेळात चाल उमटूच शकत नाही, तरी श्रोत्यांची उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा बरीच चांगली आली. मात्र 100 मिलिसेकंदांच्या तुकड्यांतून उंच कंपनांचा भाग काढून टाकला, तेव्हा ती केवळ अंदाजाच्या पातळीवर उतरली. पुढे शेलेनबर्ग व सँड्रा ट्रेहब यांनी 2003 साली दूरचित्रवाणी मालिकांचे वाद्यसंगीत मूळ पट्टीत आणि एक-दोन अर्धस्वर सरकवून ऐकवले. संगीत न शिकलेल्या सामान्य श्रोत्यांनाही मूळ पट्टी कोणती, हे अंदाजापेक्षा अधिक वेळा सांगता आले.

व्हिडिओ कॉलची अडचण नेमकी येथेच उभी राहते. अशा कॉलमधली गोंगाट दाबणारी यंत्रणा माणसाचे बोलणे टिकवण्यासाठी बनवलेली असते. तंबोऱ्याचा अखंड नाद किंवा शहनाईचा लांबवलेला स्वर तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो दाबू लागते. फोनवर धून लावून तो लॅपटॉपच्या माइकसमोर धरला, तर पलीकडे सुरुवातीचा एखादा स्वर पोहोचतो आणि पुढे तुटक कुजबुज ऐकू येते. गायलेले शब्द त्यातूनही निसटून पोहोचतात, म्हणून शीर्षकगीत ओळखले जाते आणि धून ओळखता न आलेल्या खेळाडूला उगाच कमी लेखले जाते. धून वाजवायची असेल, तर स्क्रीन शेअर करताना संगणकाचा आवाजही पाठवण्याचा पर्याय निवडावा. झूमवर माइकमधूनच वाजवणे भाग असेल, तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावा. तोंडाने गुणगुणून दाखवण्याची सवलत केवळ शीर्षकगीताला द्यावी.

गुणांचा हिशेबही वेगळा ठेवणे न्याय्य ठरते. प्रत्येकाकडे आवाज थोड्याफार फरकाने उशिरा पोहोचतो, त्यामुळे ‘आधी ओरडेल तो जिंकेल’ हा दिवाणखान्यातला नियम येथे चालत नाही. शीर्षकगीताला पुरेसा वेळ देऊन सर्वांनी उत्तर खेळ घेणाऱ्याला खासगी संदेशात लिहावे. संकेतधुनेला मात्र पहिल्या दोन-तीन सेकंदांनंतर थांबवून उत्तर मागावे, कारण ती आठवायची असेल तर तेवढ्यातच आठवते.

‘मालगुडी डेज’ कोणत्या यादीत घालावे, हा वाद हमखास निघतो. एल. वैद्यनाथन यांच्या त्या संगीतात मानवी आवाज आहे, पण अक्षरांना अर्थ नाही. ते मालिकेचे आहे, पण गीत नाही. मी ते संकेतधुनांबरोबर ठेवतो, कारण त्याची ओळख त्या आवाजाच्या पोतात आहे, आणि कॉलवरून ते मूळ ध्वनिमुद्रणातूनच ऐकवावे लागते.