तालुक्याचं कॉलेज: अनुदान, 'कायम' आणि सीएचबी

अनुदानित कॉलेजातल्या, म्हणजे जिथला पगार सरकार देतं त्या कॉलेजातल्या, प्राध्यापक भरतीवरून दरवर्षी गदारोळ होतो, आणि मग 'सरकार जागा का भरत नाही' आणि 'कॉलेज चालवणाऱ्या संस्था नोकरीसाठी पैसे का मागतात' असे दोनच प्रश्न फिरत राहतात. मागचं थोडं बघितलं की दोन्हींची मुळं एकाच ठिकाणी सापडतात. अगदी ब्रिटिशांपर्यंत जायला नको, पुण्या-मुंबईचा तो भाग सगळ्यांना पाठ आहे. साताऱ्याला 1947, नांदेडला 1950, कराडला 1954 अशी कॉलेजं आली आणि साठच्या दशकात ती तालुक्यापर्यंत पोचली. मराठवाड्यातली सुरुवातीची कॉलेजं तर हैदराबादच्या विद्यापीठाला जोडलेली होती, औरंगाबादला स्वतःचं विद्यापीठ 1958 ला झालं.

यातली बहुतेक कॉलेजं लोकांच्या पैशावर उभी राहिली. कारखान्याच्या पट्ट्यात उसाच्या बिलातून टनामागे थोडे पैसे कापले जायचे, बाकी ठिकाणी व्यापाऱ्यांची वर्गणी, कुणाची तरी जमीन. पुढं पगार सरकारनं उचलले आणि तिथून तो विचित्र संसार सुरू झाला: इमारत संस्थेची, पगार सरकारचा, अभ्यासक्रम विद्यापीठाचा. जागा भरायची परवानगी सरकार देणार, मुलाखत मात्र संस्थेच्या ऑफिसात होणार. 1975 ला दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला आणि त्यात भर पडली. अकरावी-बारावी कॉलेजच्याच इमारतीत बसली, पण ज्युनिअरची फाईल शिक्षण उपसंचालकांकडं आणि सीनिअरची उच्च शिक्षण सहसंचालकांकडं. एकाच स्टाफरूममध्ये दोन वेगळ्या पगारश्रेणी, ते आजतागायत.

पण गावाला त्याचं काय, गावाला कॉलेज मिळालं होतं. सकाळी साडेसातचं लेक्चर धरायला खेड्यातनं येणारी पहिली एसटी, तिचा पास (विद्यार्थ्याला भाड्याच्या तिसऱ्या हिश्शात मिळतो), आणि ती बस आहे म्हणून घरच्यांनी पोरीला पाठवलं, हे इतकं सरळ गणित होतं. मुलींचं बीए कित्येक घरांत त्या एका फेरीवर अवलंबून असायचं आणि 2021-22 च्या एसटी संपात ते परत दिसलं, वर्गातल्या खेड्यातल्या मुली आधी गळाल्या. 1969 ला एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) सुरू झाल्यावर दत्तक गाव, सात दिवसांचं निवासी शिबिर, बंधारा, शोषखड्डे हे सगळं आलं. शिवाय पोलीस भरतीवाल्या पोरांना पहाटे पळायला ग्राउंड कॉलेजचंच, निवडणुकीची मतमोजणीही बऱ्याचदा तिथल्याच हॉलमध्ये.

आता खरा वादाचा मुद्दा. 24 नोव्हेंबर 2001. या तारखेच्या शासन निर्णयानं ठरलं की इथून पुढं नवीन कॉलेज मिळेल ते 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर. आधी विनाअनुदान म्हणजे आज ना उद्या अनुदान मिळेल अशी आशा तरी असायची, आता 'कायम' शब्दानं दारच बंद झालं. सरकारची बाजू अगदीच खोटी नव्हती, पाचव्या वेतन आयोगाचा बोजा नुकताच पडला होता आणि गरज न बघता पुढाऱ्यांच्या संस्थांना कॉलेजं वाटली जात होती हे कुणी नाकारणार नाही. पण फटका कुणाला बसला बघा. ज्या भागात साखर होती, पैसा होता, तिथली कॉलेजं कधीच अनुदानावर आली होती. उशिरा जागे झालेले तालुके, आदिवासी पट्टा, दुष्काळी पट्टा, त्यांची पाळी आली तेव्हा खिडकी बंद. पुढाऱ्यांना आळा बसला म्हणाल तर तोही नाही, त्यांनी विनाअनुदानितच्या फीवर दुकान चालू ठेवलं. पुढं शाळांचा 'कायम' 2009 ला काढला गेला, कॉलेजांचा राहिला. आणि जी विनाअनुदानित कॉलेजं त्या तारखेच्या आधीची होती, त्यांच्या अनुदानाचा निर्णय व्हायलासुद्धा वीसपेक्षा जास्त वर्षं गेली, तोवर तिथली माणसं तुटपुंज्या पगारावर शिकवत निवृत्तीला आली.

अनुदानित कॉलेजात वेगळीच कथा. रिटायर झालेल्यांच्या जागा भरायच्या नाहीत आणि त्या जागी सीएचबी (क्लॉक अवर बेसिस), म्हणजे तासिका तत्त्वावरचा, तासाप्रमाणे पैसे मिळणारा मास्तर. नेट-सेट (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा), पीएचडी झालेला माणूस, आठवड्याला नऊ तास, 2023 पासून पदवीला तासाला 900 रुपये. ऐकायला बरं वाटतं, पण गणित करा, महिन्याला जेमतेम बत्तीस हजार आणि तेही सगळे तास झाले तरच. दिवाळीची सुट्टी लागली की तास नाही, तास नाही तर पैसे नाहीत, आणि बिलं कित्येक महिने अडकतात. परीक्षेचं सुपरव्हिजन, नॅकच्या (कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) फायली हे मात्र सगळं त्याच्याच गळ्यात. एनएसएसचं शिबिर त्यानं कशाच्या जिवावर घ्यायचं? 2018 ला 3580 जागांना परवानगी मिळाली, त्यातल्या सगळ्या भरल्याच नाहीत, उरलेल्या 2088 जागांना 2021 ला परत परवानगी घ्यावी लागली. जागा इतक्या कमी आणि वाट बघणारे इतके, मग मुलाखतीआधी आकडा कानावर येणारच. सरकारनं जागा रोखल्या आणि संस्थांनी त्या टंचाईचा भाव केला.

2024 पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांतही आलंय. मायनर म्हणजे दुय्यम विषय, कौशल्याचे कोर्स, इंटर्नशिप, चौथं वर्ष. ज्या विभागात एक कायम प्राध्यापक आणि तीन सीएचबीवाले आहेत तिथं वर्कलोड कसा बसवायचा यावर प्राचार्यांच्या केबिनमध्ये अजून डोकी खाजवणं चालूय, आणि जे कोर्स कागदावर निवडीचे आहेत ते प्रत्यक्षात शिकवायला माणूस आहे तेवढेच मिळतायत.