प्रोरोग की अ‍ॅडजर्न? अधिवेशन ‘संपलं’ म्हणजे नेमकं काय झालं

हिवाळी अधिवेशन आटोपलं की नागपूरला ते लगेच कळतं. मॉरिस कॉलेज टी पॉइंटवरचे कठडे निघतात, आमदार निवास रिकामं होतं, सिव्हिल लाइन्समधून पुन्हा सरळ गाडी काढता येते. शहरापुरता विषय मिटला. घटनेच्या दृष्टीने मात्र सभागृह दोन निरनिराळ्या प्रकारे बंद होतं, आणि इंग्रजी बातम्या वाचताना गडबड होते ती इथेच: ‘अ‍ॅडजर्न’ आणि ‘प्रोरोग’.

अ‍ॅडजर्न म्हणजे तहकूब करणं. गोंधळ झाला, कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब. दिवस संपला, उद्यापर्यंत तहकूब. विधानसभेत हा अधिकार अध्यक्षांचा, परिषदेत सभापतींचा. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात सुनावणी पुढे ढकलली तरी हेच क्रियापद, सोसायटीची सभा कोरमअभावी पुढे गेली तरी हेच. पुढची तारीख न देता तहकूब केलं तर त्याला लॅटिन शेपूट लागतं, ‘साइने डाय’, म्हणजे बेमुदत.

प्रोरोगचा रोगाशी काही संबंध नाही. मराठीत आपण ‘संस्थगित करणं’ म्हणतो. हा शब्द फक्त कायदेमंडळाला लागतो. सोसायटीचे सेक्रेटरी कितीही कडक असले तरी त्यांना सभा ‘प्रोरोग’ करता येत नाही. घटनेच्या कलम १७४ नुसार हा अधिकार राज्यपालांचा, आणि तो ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. तहकुबीत बैठक थांबते, संस्थगितीत सत्रच संपतं. मूळ लॅटिन ‘प्रोरोगारे’चा अर्थ मात्र जवळजवळ उलटा, मुदत वाढवणं. रोममध्ये अधिकाऱ्याचा कार्यकाळ लांबवायचा तर हा शब्द. मुदतवाढीवरून पुढे ढकलणं आणि तिथून सत्र बंद करणं, असा त्याचा प्रवास झाला.

बेमुदत तहकूब झालेलं सभागृह बाहेरून अगदी संपल्यासारखंच दिसतं. या फरकावरून पंजाबचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथलं अर्थसंकल्पीय अधिवेशन मार्च २०२३ मध्ये बेमुदत तहकूब झालं, पण संस्थगित झालं नाही. अध्यक्षांनी १९ आणि २० जूनला तेच सभागृह पुन्हा बोलावलं आणि चार विधेयकं मंजूर करून घेतली. राज्यपाल होते आपल्या नागपूरचे माजी खासदार बनवारीलाल पुरोहित. ही बैठकच वैध नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि विधेयकं अडकली. १० नोव्हेंबर २०२३ ला न्यायालयाने बैठक वैध ठरवली: सत्र संस्थगित झालेलं नाही, तोवर तहकूब सभागृह पुन्हा बोलावणं अध्यक्षांच्या हातात आहे. संस्थगितीचा आदेश निघाला असता, तर नवं सत्र बोलावायला राज्यपालांचाच आदेश लागला असता. माझ्या मते हा फरक समजायला याहून चांगलं उदाहरण नाही.

सरकारच्या सोयीचा भाग वेगळाच. दोन्ही सभागृहांचं सत्र चालू असताना राज्यपालांना अध्यादेश काढता येत नाही, आणि बेमुदत तहकूब सभागृह सत्रातच धरलं जातं. म्हणून अध्यादेशाची घाई असलेलं सरकार आधी संस्थगितीची फाईल हलवतं. विधेयकं मात्र संस्थगितीने मरत नाहीत; कलम १९६ तसं स्पष्ट सांगतं. विधानसभेतली प्रलंबित विधेयकं बुडतात ती विसर्जनाने, आणि विसर्जन ही तिसरीच गोष्ट, कारण तिथे पुढे निवडणूक असते.

ब्रिटनमध्ये २०१९ साली बोरिस जॉन्सन सरकारच्या सल्ल्यावरून राणीने संसद प्रोरोग केली. २४ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने तो सल्लाच बेकायदा ठरवला. मग संसद प्रोरोग झालीच नव्हती असं मानून दुसऱ्या दिवशी कामकाज चालू झालं.

एक हिशेब मात्र बरेच जण चुकवतात. दोन सत्रांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, हा नियम मोजायचा तो शेवटच्या बैठकीपासून, संस्थगितीच्या तारखेपासून नव्हे. डिसेंबरात नागपुरात शेवटची बैठक झाली की मुंबईचं अर्थसंकल्पीय अधिवेशन साधारण मार्चच्या आसपास भरतं, त्यामुळे आपल्याकडे ही अडचण सहसा येत नाही.