फाईल लहान होते तेव्हा नक्की काय जातं?

फुल एचडी व्हिडिओ कॉम्प्रेस न करता तसाच ठेवला तर किती मोठा होईल माहितीये? एक फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची, पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे फ्रेममागे ६.२ एमबी, सेकंदाला असे २५ फ्रेम, मिनिटाला झाले ९ जीबीच्या वर. आणि तोच मिनिट फोनमध्ये शंभरेक एमबीत आरामात बसतो! मग बाकीचं गेलं कुठे?

मागच्या फ्रेमपेक्षा जेवढं बदललं तेवढंच पाठवायचं, ही कल्पना खूप जुनी, १९२९ मध्येच ब्रिटनमध्ये त्यावर पेटंट अर्ज झाला होता. पण खरी किल्ली दिली नासिर अहमद यांनी. बंगळुरूत जन्मलेला हा माणूस अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवायचा, १९७२ मध्ये त्यांनी डीसीटी, म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या गणिती पद्धतीच्या कामासाठी निधी मागितला तर मिळाला नाही, एका परीक्षकाला कल्पना फारच साधी वाटली, तरी ते मागे लागून राहिले आणि १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत पेपर छापून आला. मला हे नाव आपल्याकडे अजून जास्त माहीत असायला हवं असं मनापासून वाटतं.

डीसीटी काय करतं, तर ८ बाय ८ पिक्सेलचा तुकडा घेऊन त्यातला सावकाश बदलणारा रंग वेगळा आणि बारीक तपशील वेगळा करतं. इथे काहीच फेकलं जात नाही हं, फेकाफेक होते पुढच्या पायरीला, क्वांटायझेशनमध्ये, तिथे आकडे ढोबळ करतात आणि बारीक तपशिलाचे आकडे सरळ शून्य होतात. फाईल लहान होते ती मुख्यतः इथे, आणि क्वालिटी जाते तीही इथेच. संध्याकाळच्या आकाशात रंगाचे पट्टे दिसतात, धबधब्याच्या शॉटमध्ये चौकोन उठतात, ते याचमुळे.

१९८८ मध्ये एच.२६१ हे व्हिडिओ कॉम्प्रेशनचं मानक आलं, सेकंदाला ६४ किलोबिटच्या पटीतल्या टेलिफोन लाइनवर व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून. त्यात १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे, म्हणजे मॅक्रोब्लॉक, आणि कुठला तुकडा कुठे सरकला याचा हिशोब, हे सगळं होतं आणि आजही सांगाडा तोच आहे. मग १९९३ चं एमपेग-१ आणि व्हिडिओ सीडी, डीव्हीडीचं एमपेग-२, २००३ मध्ये एच.२६४, २०१३ मध्ये एचईव्हीसी, ज्याला तेवढ्याच क्वालिटीला एच.२६४ च्या साधारण निम्मा बिटरेट, म्हणजे सेकंदाला निम्मे बिट, पुरतात, २०१८ मध्ये एव्ही१. म्हणून नुसते एमबी बघून क्वालिटी ठरवू नका, कोडेक, म्हणजे यातली कॉम्प्रेस करायची पद्धत, कुठला तेही बघा.

आणि जुनी व्हिडिओ सीडी मोठ्या बिटरेटला कन्व्हर्ट केली म्हणून तपशील परत येत नाही, शून्य झालेले आकडे कायमचे गेले. उलट नवीन एनकोडरला जुन्या चौकोनांच्या कडाच तपशील वाटतात आणि तो त्या जपण्यातच बिट खर्च करत बसतो.